वलण

श्रीकरने तक्ता केला होता. उभ्या रकान्यांत
शाळेचा शेरा, बसची वेळ, चोऱ्यांचा आकडा,
इस्पितळ किती मिनिटं.
शेवटचा रकाना माझा: तुला काय वाटतं?
तीन आठवडे तो रिकामाच.

धामणकर म्हणाले, उत्तरेला जा.
हिरवळ आहे, दोन गाड्यांची जागा, आपली चार घरं.
हेअरहिल्स नको. तिथे, म्हणाले, आणि जरा अडखळले,
तिथे काय, सगळेच राहतात.

उत्तर पाहून आलो.
हिरवळ खरंच होती. तासाभरात
एक कुत्रा दिसला आणि त्याला फिरवणारा गृहस्थ,
दोघंही सभ्य.
शाल्मलीने विचारलं,
आई, इथली मुलं कुठे ठेवतात?

परतताना रस्ता खोदलेला. घरं दाखवणाऱ्या गॅरेथने
लाल विटांच्या एका उतारावर गाडी घातली
आणि करकचून थांबवली.
समोर कपडे.
या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत दोऱ्या,
दोरीमागे दोरी, थेट खालपर्यंत,
लीड्सच्या मार्चातल्या उसन्या उन्हात.
"माफ करा," गॅरेथ म्हणाला,
जणू आम्ही कुणाला आंघोळ करताना पाहिलं.

मी इचलकरंजीची. बाप यंत्रमागावर जॉबर.
मला माणूस चेहऱ्याने कळायला वेळ लागतो,
कापडाने लगेच कळतो.
हे शहरही एकेकाळी कापडाचंच होतं म्हणे;
गिरण्यांचे फ्लॅट झाले,
उरलंसुरलं कापड इथे वाळत होतं.

मी काच खाली केली.
ती पांढरी शाल हातमागावरची, काठ विणलेला;
इरिट्रियाची, हे पुढे समजलं, सूत मात्र तेव्हाच.
नर्सचा निळा गणवेश, काखेत दोनदा उसवून शिवलेला.
पाच मीटर मलमलीची पगडी, सुरकुतीही नाही,
म्हणजे घरात टोक धरायला दुसरं माणूस आहे.
आणि शाळेचे हिरवे स्वेटर,
एकाच हिरव्याचे,
आठ निरनिराळ्या दोऱ्यांवर.

हे तक्त्यात कुठे लिहायचं?

तेवढ्यात सपाता ओढत एक म्हातारी आली,
हातात तिच्याहून उंच काठी.
डोरीन तिचं नाव. गॅरेथला म्हणाली,
हॉर्न वाजवलास तर लोकरीचे मोजे तुझ्या टपावर पिळीन.
दोरीला काठी लावून तिने ती वर ढकलली.
मग पुढच्या दारातून कुणीतरी पुढची,
मग त्याच्या पुढची, ओरडून सांगावं लागलं नाही कुणाला.
शाल्मली कधी उतरली कळलंच नाही.
कुणीतरी तिच्याही हाती काठी दिली होती,
ती टाचा उंचावून उभी,
आणि आम्ही तिच्या दोरीखालून गेलो.
एक ओली उशीची खोळ
काचेवरून हळूच सरकली.

एकतीस नंबर रिकामं होतं. आलोच आहोत तर बघू,
श्रीकर म्हणाला.
घराला मागचं दारच नाही. परस नाही.
पाठीला पाठ लावून दुसऱ्याचं घर.
मला हसू आलं. माहेरी मला पाठची बहीण नव्हती.
भिंतीला कान लावला,
पलीकडे शिलाई मशीन थांबत थांबत चालत होतं,
नवखा हात.

गॅरेथ प्रामाणिक. म्हणाला,
रात्री आवाज असतो, कचऱ्याचंही खरं नाही.
मी आंधळी नाही.
कोपऱ्यावरची फाटकी गादी पाहिली होती,
बसथांब्याची फुटकी काचही.
न्हाणीच्या वरच्या ओलीला
मोराचा आकार होता, नाहीतर मूत्रपिंडाचा.

रात्री शेवटच्या रकान्यात लिहिलं:
दोरी, वीस हात.
श्रीकरने वाचलं. हा शेरा आहे की यादी?
मी उत्तर दिलं नाही.
ओलीचंही लिही, तो म्हणाला.
लिहिलं.

धामणकरांना अजून कळवलेलं नाही.